चावीची कोंबडी काचेत जात नाही

मी एक पत्र्याची कोंबडी बोलतेय. चावीची. आधीच सांगते, कीव करायला आला असाल तर पान उलटा. माझा रंग उडालाय, शेपटीचं टोक वाकलंय, चालताना मी डावीकडे कलते. पण चालते! माझ्या वयाच्या किती जणींना हे छातीठोकपणे सांगता येईल?

माझं कूळ काही थोर नाही. पोटावर कुठल्या मोठ्या कारखान्याचा शिक्का नाही. एका शेडमध्ये दूध पावडरचे रिकामे डबे कापून, ठोकून सपाट करून, साच्यात दाबून आम्हाला घडवायचे. दोन अर्धी अंगं एकमेकांना लावायची, कडेला ठेवलेले पत्र्याचे कान दुमडून त्यांना जखडायचे, झाली कोंबडी. डोळे रंगवायला एक बाई होती. दिवसाला दोनशे कोंबड्यांना ती दृष्टी द्यायची. माझ्या वेळी तिला शिंक आली असावी, कारण माझा एक डोळा दुसऱ्यापेक्षा वर आहे. आणि पोटात, आतल्या बाजूला, डब्यावरची अक्षरं अजून शाबूत आहेत : ‘थंड व कोरड्या जागी ठेवा.’ ती सूचना आजवर कुणीही पाळलेली नाही.

माझी पहिली मालकीण एका ट्रक ड्रायव्हरची धाकटी लेक. बाप आठवड्यानं घरी आला, तो मला खिशात घालून. चावी दिली की मी अकरा वेळा टोचायचे. ती माझ्यापुढे शर्टाची बटणं टाकायची आणि “खा गं, खा, लाजू नकोस,” म्हणायची. तिनं मला बादलीत बुडवून आंघोळ घातली, बाहुलीच्या लग्नात वऱ्हाडी म्हणून बसवलं, रागाच्या भरात एकदा भिंतीवर फेकलं. शेपटी वाकली ती तेव्हाच. मला त्याचा राग नाही. खेळण्याला खेळवलं, यात वाईट ते काय?

एक दिवस पोटात ‘कट्’ असा आवाज झाला. स्प्रिंग तुटली. पोरगी दुपारभर रडली, संध्याकाळी विसरली. पुढे घर बदललं, आणि जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातून मी एका शिंपीदादांच्या दुकानात जाऊन पडले.

तिथं बावीस वर्षं काढली. कापायच्या टेबलावर मी मापांचे कागद दाबून ठेवायचे. पाठीवरच्या फटीत शिंपीदादा खडू खोचायचे. बसून खाणारी कोंबडी नव्हते मी, कामावर होते. पण खरं सांगू? टोचण्यासाठी जन्मलेल्या चोचीला बावीस वर्षं कागदाकडे नुसतं बघत बसावं लागलं की लोखंडालासुद्धा खंत वाटते.

शिंपीदादांची कवळी बोलताना टकटक वाजायची. गिऱ्हाइकं गालात हसायची. शेवटी कुणीतरी त्यांना एका बाईंचा पत्ता दिला. त्या बाई म्हणजे वहिनी. एकतीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घडवण्याचं काम केलेल्या. त्यांनी घरच्या घरी कवळी घासून अशी बसवून दिली की शिंपीदादा दुसऱ्या दिवशी मुद्दाम सुपारी फोडून आले. येताना मला घेऊन आले.

“तुम्ही जुनी खेळणी जमवता म्हणे,” ते म्हणाले. “माझ्या तोंडाची सोय केलीत, आता हिच्या पोटाचीही करा.”

वहिनींनी मला हातात घेतलं, आणि मला पहिल्यांदा कळलं की हात थरथरतायत. टेबलावर शिलाई यंत्र चालू असलं की जशी थरथर जाणवायची, तशी. पण यंत्र थांबायचं. हे थांबत नव्हतं.

घरात दोघीच. वहिनी, आणि त्यांची नणंद. वहिनी त्यांना वन्सं म्हणत. वहिनींचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र राहायच्या. वन्सं टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेल्या. अजूनही दाराची घंटा वाजली तरी “बोला, ऐकतेय,” म्हणायच्या. डोक्यात कल्पना त्यांची, बोटांत कसब वहिनींचं. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एखादं मोडकं खेळणं उघडायचं, वहिनींनी दुरुस्त करायचं, वन्संनी मोबाइलवर चित्रण करून इंटरनेटवर टाकायचं. आपल्या पानाला त्यांनी नाव दिलं होतं ‘मोडकं-तोडकं’. चारेक हजार माणसं ते बघायची. भिंतीवरच्या फळीवर पत्र्याची बस होती, लाकडी घोडा होता, एक टाळ्या वाजवणारं अस्वल होतं. सगळी चालती-फिरती.

वहिनींचा हात दोन वर्षांपूर्वी थरथरायला लागला होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. प्रयोगशाळेच्या मालकांनी मोठ्या आदरानं त्यांना पुढच्या टेबलावर फोन घ्यायला बसवलं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी राजीनामा दिला. “दात बसवणारा हात फोन उचलायला वापरायचा नसतो,” म्हणाल्या. खेळणी मात्र सोडली नाहीत.

माझी पाळी आली तेव्हा बघणाऱ्यांनी हट्ट धरला : या वेळी थेट दाखवा, आमच्या डोळ्यांदेखत. वन्सं का-कू करत होत्या. वहिनी म्हणाल्या, “दाखवू की. चोरी आहे का?”

कान उलगडले, मी दोन भागांत उघडले. तुटलेल्या स्प्रिंगचं टोक वहिनींनी ज्योतीवर तापवून नरम केलं, चिमट्यानं नवा आकडा वळवला. इथवर सगळं ठीक. मग स्प्रिंग गुंडाळून आत बसवायची वेळ आली आणि हातानं ऐन वेळी दगा दिला. स्प्रिंग सापासारखी उसळली ती थेट खिडकीच्या पडद्यात जाऊन अडकली. दातेरी चाकं फरशीवर घरंगळली. वहिनी टेबलाखाली वाकल्या, आणि त्यांचा तो उजवा हात, टेबलाची कड धरून थडथडणारा, सगळ्यांनी बघितला.

कुणी हळहळलं, कुणी हसलं. त्यात एक गृहस्थ होते. त्यांना सगळे काचवाले म्हणत. हजारो जुनी खेळणी, सगळी काचेच्या कपाटांत, एकालाही चावी नाही, एकालाही कुणाचा हात लागू द्यायचा नाही. जुन्या खेळण्यांच्या जगात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी लिहिलं, “अशा हातांत पुरातन वस्तू देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. बाईंनी आता थांबावं.”

आणि वहिनी थांबल्या.

तीन रविवार मी एका स्टीलच्या ताटात, तुकड्यांनी पडून होते. वर फडकं झाकलेलं. माझी चोच एकीकडे, पाय दुसरीकडे. पण कान शाबूत होते. घरात शुकशुकाट. वन्सं चहा करायच्या, वहिनी तो थंड होऊ द्यायच्या.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी वहिनी म्हणाल्या, “वन्सं, आपली जुनी चित्रणं लावा बरं. बघू तरी आपण काय काय केलं.”

“आता कशाला उगीच?”

“लावा म्हणते ना.”

लावलं. बसचं, अस्वलाचं, घोड्याचं. वहिनी आजवर स्वतःचं काम कधी बघत बसल्या नव्हत्या. एका जागी त्यांनी चित्रण थांबवायला लावलं. मग म्हणाल्या, “इथं माझा हात होता. चाक बसवताना चारदा चुकला होता. कुठे गेला तो?”

वन्संनी घाईनं पुढचं चित्रण लावलं.

“आणि इथं? थेट बसलेलंच चाक दाखवलंय. वन्सं, माझे हात कुठे गेले?”

“मी कापले,” वन्सं म्हणाल्या. फोनवर आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून देणाऱ्या बाईंचा आवाज पहिल्यांदाच तुटत होता. “थरथरायचे तेवढे भाग कापायचे मी. लोक बोलतील, तुम्हाला लागेल…”

“लोक बोललेच की!”

“मी तुमच्या भल्यासाठीच, वहिनी.”

“मालकांनीही माझ्या भल्यासाठीच मला फोनपाशी बसवलं होतं. तुम्ही त्यांच्यापेक्षा पुढे गेलात. त्यांनी निदान हात अंगावर ठेवले होते.”

वन्संच्या डोळ्यांतून टिपं गळायला लागली. वहिनींनी त्यांची समजूत काढली नाही. उठल्या, माझ्या ताटावरचं फडकं ओढून काढलं, आणि म्हणाल्या, “रविवारी पुन्हा. थेट. आणि मोबाइल माझ्या तोंडावर नाही धरायचा. हातांवर धरायचा. हलवलात तर बघा.”

त्या रविवारी मी तुकड्यांतच होते, तरी सांगते, माझ्या पत्र्याला काटा आला होता.

गोळी घेतल्यावर तासाभरानं हात जरा निवतो, हे वहिनींना माहीत होतं. ती वेळ त्यांनी साधली. मनगटाखाली वाळूची पिशवी घेतली. स्प्रिंग आधीच गुंडाळून तारेच्या कड्यात जखडली, म्हणजे उसळायची सोय नाही. खरी गोम पुढे होती. माझ्या यंत्रात चार चाकं. झाकणपट्टी लावताना चारही चाकांची टोकं एकाच वेळी चार भोकांत शिरावी लागतात. धडधाकट माणसाच्याही नाकी नऊ येतात. पहिल्यांदा तीन शिरली, चौथं आडवं झालं. दुसऱ्यांदा सगळीच कोसळली.

वन्संच्या हातातला मोबाइल तेवढा स्थिर होता. त्या आलेले निरोप मोठ्यानं वाचत होत्या. “काचवाले म्हणतात, हे थांबवा, बघवत नाही.”

“त्यांना सांगा, बघवत नसेल तर डोळे मिटा. मला काम आहे.”

मग वहिनींनी कपाटातून गुलाबी मेणाची पट्टी काढली. कवळी घडवताना एकेक दात आधी मेणात उभा करतात. तसं त्यांनी माझं एकेक चाक मेणात उभं केलं. हात थरथरत होता, पण मेण थरथरत नव्हतं. चारही चाकं शाळेतल्या पोरांसारखी ताठ उभी राहिली. पट्टी टेकवली. एक शिरलं, दुसरं, तिसरं… चौथ्याला वहिनींनी करंगळीनं हलकेच ढोसलं. टक्! मग गरम हवेनं मेण वितळवून पुसलं, तेल दिलं, तारेचं कडं कापलं. दोन तास दहा मिनिटं. एकही क्षण कापलेला नाही.

मला पुन्हा जोडलं, टेबलावर ठेवलं, चावी दिली.

बावीस वर्षं शिंप्याकडची, त्याआधीची कितीतरी, गेल्या चार आठवड्यांचं ताट, सगळं मी त्या पहिल्या टोचीत घातलं. टेबल असं वाजलं की वन्सं दचकल्या. एक, दोन, तीन… सात! स्प्रिंग तुटून आखूड झालीय, अकरा आता जमत नाहीत. सात तर सात. डावीकडे कलत मी टेबलाच्या कडेपर्यंत गेले, आणि वहिनींच्या त्याच थरथरत्या हातानं मला अलगद झेललं.

“बोला, ऐकतेय!” वन्सं मोबाइलला ओरडून म्हणाल्या. आता त्या हसत रडत होत्या.

पुढचे दिवस निरोपांचा पाऊस. कौतुकाचं मला फार अप्रूप नाही. पण एका निवृत्त बसचालकानं चित्रण पाठवलं होतं : त्याचेही हात तसेच, आणि तो आपल्या पत्र्याच्या बसला चावी देतोय. चावी दोनदा सुटते, तिसऱ्यांदा बसते. खाली एवढंच लिहिलेलं, “तीन वर्षांनी कपाट उघडलं.” वहिनींनी ते चार वेळा बघितलं.

महिन्यानं काचवाल्यांचा फोन आला. माणूस वाईट नाही, हे मला सांगायलाच हवं. खेळण्यांवर त्यांचा जीव आहे, रोज मऊ ब्रशनं स्वतः धूळ झाडतात म्हणे. आवाज मवाळ होता.

“वहिनी, त्या दिवशी जास्त बोललो. कोंबडी मला द्या. मधल्या कपाटात ठेवीन, वर दिवा, खाली तुमच्या नावाची पाटी.”

वन्संनी खुणेनं सांगितलं, हो म्हणा, नाव लागेल.

वहिनींनी विचारलं, “चावी कोण देणार तिला?”

“चावी नाही देत आम्ही. पत्रा झिजतो हो. अशानं पन्नास वर्षांनी बघायला उरेल काय?”

वहिनींनी माझ्या उडालेल्या रंगावरून बोट फिरवलं. प्रश्न खोटा नव्हता. मग म्हणाल्या, “झिजू दे. माझेही हात झिजतायत, ते काय मी कपाटात ठेवू? पन्नास वर्षांनंतरच्यांना आत्ताचं चित्रण दाखवा. त्यात सगळं आहे.” आणि फोन ठेवला.

मी पत्र्याची नसते तर आरवले असते. कोंबड्या आरवत नाहीत, हे मला कुणी शिकवू नये.

आज माझी हालत काय, ते लपवत नाही. सातवर आलेली मी अलीकडे कधी सहावरच दमते. वहिनींचा हात दिवसागणिक जास्त थरथरतो. गोळीनंतरचा शांत वेळ आता पाऊण तासावर आलाय. म्हणून दुपारी वन्सं चिमटा धरायला शिकतात, आणि वहिनी त्यांना ओरडतात, “टेलिफोनची तार नव्हे ती, हळू!” मोडक्या खेळण्यांची खोकी दारात येतच असतात.

एक दिवस माझी स्प्रिंग पुन्हा तुटेल. कदाचित तेव्हा ती बसवणारं कुणी नसेल. माहीत आहे मला. म्हणून आजच काचेमागे जाऊन बसू? जी तुटायच्या भीतीनं टोचत नाही, ती कोंबडी नव्हे, कोंबडीचं चित्र!

तुमच्याही घरात माळ्यावर, खोक्यात, गाठोड्यात माझं कुणी भावंड पडलं असेल. त्याला पुसून शोभेला मांडू नका. जमिनीवर ठेवा, पोरांना बोलवा, म्हाताऱ्यांनाही बोलवा. चावी द्या, आणि हात बाजूला घ्या.