गादीवाल्यांचा पाणक्या

आमच्या टीमला सगळे 'गादीवाले' म्हणायचे. गाद्यांच्या कारखान्याचे मालक टीमचा खर्च उचलायचे आणि आमच्या सायकलपटूंच्या छातीवर, पाठीवर, अगदी बसायच्या जागेवरसुद्धा कारखान्याचं नाव छापलेलं असायचं. चढावर आमचा कुणी मागे पडला की दुसऱ्या टीमवाले ओरडायचे, "काय रे, अंथरूण घालू का?" आम्हीही हसायचो. श्रीमंत टीम नव्हतीच ती. सायकली ठेवायची जागा म्हणजे कारखान्यामागचं एक गोदाम. आत पाऊल टाकलं की कापसाचा आणि नव्या टायरचा मिळून एक वास यायचा. आजही कुठे नवी गादी उलगडली की मला एकदम सायकली आठवतात. घरचे म्हणतात, हिचं डोकं फिरलंय.

मी त्या टीमची मालिशवाली. एकोणीस वर्षं होते. शर्यत संपली की एकेक जण माझ्या घडीच्या टेबलावर येऊन पालथा पडायचा. टेबलाला तोंडासाठी भोक असतं. त्यात तोंड घातलं की माणूस जमिनीशी बोलतो, आणि जमिनीशी कुणी खोटं बोलत नाही. कुणाचं बायकोशी भांडण झालंय, कोण टीम बदलायच्या बेतात आहे, कुणाला आता सायकलचा कंटाळा आलाय, हे साहेबांच्या आधी मला कळायचं. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. स्वतः जुने सायकलपटू, बोलणं तोलूनमापून. मी ऐकलेलं टेबलावरच ठेवायची. म्हणून तर माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

या टेबलावर अकरा वर्षं न चुकता येणारा एकच माणूस होता. पाणक्या.

बाहेरच्यांना वाटतं, सायकलची शर्यत एकट्याची असते. तसं नसतं. टीममध्ये एक जण जिंकण्यासाठी असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी राबतात. त्याच्यापुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं आणि मागच्या गाडीतून सगळ्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आणायच्या. आमचा पाणक्या शर्टाच्या पाठीत सात-आठ बाटल्या कोंबून यायचा तेव्हा कुबड आल्यासारखा दिसायचा. स्वतःच्या नावावर एकही शर्यत नाही. कुणी खिजवलं तर म्हणायचा, "अरे, जिंकलेल्यांची नावं लोक विसरतात. तहान कुणी विसरत नाही."

आणि दुसरा चिमणा. एकविसाव्या वर्षी आमच्याकडे आला तेव्हा अंगावर मांस म्हणून नव्हतं, पण चढ लागला की भुर्रकन उडायचा. त्याला राहायला जागा नव्हती. पाणक्याने त्याला घरी नेलं ते दोन वर्षांसाठी. पाणक्याची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांची वहिनी, त्याच्या ताटात वाढताना म्हणायची, "याला जेवायला घालायचं म्हणजे बुडाला भोक असलेला हंडा भरायचा." खायचा खूप, अंगाला काही लागायचं नाही. उतारावर वळण कसं घ्यायचं, गर्दीत कोपर कुठे ठेवायचं, पत्रकारांपुढे तोंड कधी बंद ठेवायचं, सगळं त्याला पाणक्याने शिकवलं. तो पाणक्याला दादा म्हणायचा आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

मी सांगतेय ते वर्ष चिमण्याच्या चौथ्या मोसमाचं. मोठी शर्यत तोंडावर आली होती. तीन आठवड्यांची, रोज नवं गाव. टीममध्ये चोवीस जण, पण जायचे आठच. पाणक्या छत्तिशीचा, त्याचा करार त्या वर्षी संपत होता. आणि चौदाव्या दिवसाचा रस्ता त्याच्या गावातून, त्याच्या आईच्या दारावरून जाणार होता. नकाशा जाहीर झाला त्या दिवसापासून त्याने आम्हाला भंडावून सोडलं. "आई अंगणात खुर्ची टाकून बसणार. अकरा वर्षं तिने मला टीव्हीवर शोधलं, कधी सापडलो नाही. यंदा दारातच जाऊन उभा राहतो की नाही बघा."

पण वसंतात एका ओल्या वळणावर तो पडला होता. डाव्या मांडीचा स्नायू फाटला. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी 'बरा आहे' म्हणून लिहून दिलं.

यादी लागायच्या आदल्या सकाळी मी गोदामात टॉवेलांच्या घड्या घालत होते. साहेब आले आणि दार लोटून घेतलं.

"ताई, त्याची डावी मांडी कशी आहे?"

"डॉक्टरांनी लिहून दिलंय ना, साहेब?"

"ते मी वाचलं. आता तुम्हाला विचारतोय."

मी घडी घातलेला टॉवेल परत उलगडला. मांडी कशी आहे ते माझ्या हाताला पक्कं ठाऊक होतं. उजवीपेक्षा बोटभर बारीक, आणि बाहेरच्या बाजूला खोल एक गाठ होती. दाबली की तो बोलता बोलता गप्प व्हायचा. आठवडाभर तो पाय चालला असता. दहाव्या दिवशी डोंगरात दगा दिला असता. चिमणा उघड्यावर पडला असता, आणि पाणक्याचा पाय कायमचा जाण्याची भीती होती ती वेगळीच. 'चांगली आहे' एवढे दोन शब्द म्हणायचे होते. ओठांपर्यंत आलेही.

"अजून दोन महिने लागतील," मी म्हणाले.

साहेब दाराकडे वळले. "मलाही तेच वाटत होतं," एवढंच बोलून गेले. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारावर यादी लागली. आठ नावं. दुपारी पाणक्या नेहमीच्या वेळेला आला, टेबलावर पालथा झाला, भोकात तोंड घातलं. मी हाताला तेल घेतलं, पण हात पुढे जाईना.

"पाणक्या, साहेबांनी मला विचारलं होतं. मी खरं सांगितलं."

 गोदामात कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"खोटं बोलली असतीस तर मी गेलो असतो का गं?"

"गेला असतास."

"आणि?"

"आणि दहाव्या दिवशी गाडीत बसून परत आला असतास."

"अकराव्या," तो जमिनीला म्हणाला. "दहावा दिवस मी कसाबसा ढकलला असता." मग म्हणाला, "चोळ आता. तेल वाळतंय."

मी चोळायला लागले. त्याचे खांदे हलत होते. मी पायाकडेच बघत राहिले.

भडका उडाला तो चिमण्याचा. त्याच्या मागे 'विमानवाले' लागले होते. एका विमान कंपनीची टीम, सगळ्यांत श्रीमंत, त्यांच्या बसमध्ये प्रत्येकाला वेगळा फ्रिज. सही मोसम सरताना व्हायची असते, पण बोलणी लग्नाच्या बोलण्यांसारखी आधीपासून कानोकानी सुरू असतात. चिमणा तरातरा साहेबांच्या खोलीत गेला. "दादा नसेल तर मी आजच विमानवाल्यांना होकार कळवतो!" गोदामभर ऐकू गेलं. साहेबांनी उत्तर द्यायच्या आत पाणक्या उठला, लंगडत खोलीत गेला आणि चिमण्याचा दंड धरून त्याला बाहेर आणला.

"माझ्या नावाने सौदा करतोस? मी काय तुझ्याबरोबर फुकट मिळणारी बाटली आहे?"

"दादा, तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी काही करायचं असेल तर डोंगरात पुढे राहा. आणि विमानवाल्यांकडे जायचं तर स्वतःच्या पायांवर जा, माझ्या मांडीवर नको."

चिमणा रडवेला होऊन माझ्याकडे बघायला लागला. मी टॉवेल उचलून धुवायला गेले.

शर्यत सुरू झाली आणि चिमणा असा चालवायला लागला की आमचाच आमच्यावर विश्वास बसेना. तेरा दिवस संपले तेव्हा तो तिसरा होता. गादीवाल्यांचा माणूस तिसरा! मालक गाद्या विकायचं सोडून आमच्या मागच्या गाडीत येऊन बसले.

चौदाव्या दिवशी भयंकर ऊन होतं. डांबर चाकांना चिकटत होतं. पाणक्याचं गाव शेवटच्या रेषेच्या अलीकडे सतरा किलोमीटरवर. नियम असा, की शेवटच्या वीस किलोमीटरमध्ये कुणाकडूनही काही खायला-प्यायला घ्यायचं नाही. घेतलं तर वीस सेकंदांचा दंड. हे शर्यतीतल्या पोराटोरालाही माहीत असतं आणि पाणक्याने तर आयुष्य त्यात घालवलेलं. पुढचं त्याने मला स्वतः सांगितलं. अंगणात आई खुर्चीवर, शेजारी हा उभा. हातात आईसाठी पाण्याची बाटली, बाकी काही नाही. वळणावरून घोळका आला. त्यात चिमणा, ओठ पांढरे पडलेले.

"ताई, मी विचार केलाच नाही. हात आपोआप पुढे गेला."

आणि चिमण्याचाही गेला. चार वर्षांची सवय. त्या हातातून बाटली घ्यायची, अर्धी प्यायची, अर्धी मानेवर ओतायची. मागे पंचांची मोटरसायकल होती. सगळं मिळून तीन सेकंदांत संपलं. चिमणा शंभर पावलं पुढे गेल्यावर पाणक्याला कळलं आपण काय केलं. त्याची आई मात्र टाळ्या वाजवत होती. म्हणत होती, "दिसलास बाबा, आज दिसलास." पलीकडून कॅमेऱ्याची गाडी जात होती.

वीस सेकंदांचा दंड लागला. शेवटच्या दिवशी हिशोब झाला तेव्हा चिमणा तिसऱ्यापासून चौदा सेकंदांनी मागे राहिला. चौथ्याला मंचावर बोलावत नाहीत.

त्या संध्याकाळी तो माझ्या टेबलावर आला तेव्हा मला वाटलं, आता हा कोसळेल. तर भोकातून हसण्याचा आवाज. "ताई, इतकं महाग पाणी आयुष्यात प्यायलो नाही. पण काय गार होतं गं!"

पाणक्याने मात्र फोन उचलणं बंद केलं. तोंड दाखवेना. वहिनी सांगायची, "दिवसभर परसात पाठमोरे बसून असतात." शेवटी चिमणाच त्यांच्या घरी जाऊन थडकला. ताटावर बसला, तीन वेळा भात मागून घेतला आणि म्हणाला, "दादा, विमानवाल्यांनी विचारलंय. मी दोन नावं घातलीत करारात. एक तुझं, एक ताईचं."

विमानवाल्यांनी पाणक्याला तपासणीला बोलावलं. पाय मोजायचं यंत्र होतं त्यांच्याकडे. तो आधी माझ्याकडे आला. चप्पल काढली, टेबलावर चढला. "तुझं यंत्र लाव आधी."

मी दोन्ही मांड्या चाचपल्या. गाठ विरघळली होती, बारीकपण मात्र राहिलं होतं.

"एक वर्ष निघेल," मी म्हणाले.

"त्याच्यासाठी राबण्याइतकं, की नुसतं माझ्या हौसेपुरतं?"

मी तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. तो टेबलावरून उतरला, चप्पल घातली आणि म्हणाला, "मग नको. लोढणं म्हणून गेलो तर तो माझ्यासाठी हळू चालवेल. गाढव आहे तेवढा."

साहेबांनी मोसमाच्या शेवटच्या शर्यतीत त्याला घेतलं. कुठलीशी एका दिवसाची, बोटांवर मोजण्याइतकी माणसं बघायला. त्या दिवशी पाणक्या सुरुवातीपासून एकटा पुढे निघाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्यापुढे कुणी नव्हतं. चाळीस किलोमीटर तो तसाच एकटा. मग सगळ्यांनी गाठलं आणि तो हसत हसत मागे सरकला. एकसष्टावा आला. चिमण्याने त्या दिवशी गाडीपर्यंत पाच खेपा घातल्या आणि पाठीला कुबड काढून त्याला पाणी आणून दिलं.

मी चिमण्याबरोबर विमानवाल्यांकडे गेले. सहा वर्षं काढली. टेबल विजेवर वर-खाली व्हायचं, टॉवेल कुणीतरी धुऊन द्यायचं. माणसंही भली होती. पण पोरं पालथी पडली की कानात बोंडं घालून गाणी ऐकायची, आणि जमिनीशी बोलणं बंद झालं. चिमणा तिसऱ्या वर्षी मोठी शर्यत जिंकला. गादीवाल्यांची टीम त्याआधीच बंद पडली होती. मालकांच्या मुलाला सायकलींत रस नव्हता. गोदामात आता गाद्याच असतात असं ऐकते.

पाणक्या गावी गेला. आई होती तोवर तिच्याजवळ राहिला, आता तिथेच शेजारच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करतो. मागच्या महिन्यात वहिनीला घेऊन माझ्याकडे आला होता. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. आम्ही सकाळपासून बसलो ते एकेकाच्या नकला करत. साहेब कसे खाकरायचे, मालक चढाला 'टेकाड' कसे म्हणायचे. हसून हसून वहिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जेवण तसंच राहिलं, दोनदा गरम केलं.

निघताना तो दारात चपलेत पाय घालत होता. मी म्हटलं, "पाणक्या, एवढ्या वर्षांत विचारलं नाही. तुला राग आला होता ना माझा?"

"आला होता की. चांगला वर्षभर." त्याने चपलेचा पट्टा लावला. "तुझ्या जागी मी असतो तर खोटं बोललो असतो. म्हणून तर साहेब मला विचारायचे नाहीत."

वहिनी म्हणाली, "चला आता, गाडी चुकेल." मी कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले.