दिवा विझवायचं काम

सावकाशने इंजिनातली ऑइलची पट्टी बाहेर ओढली, फडक्याने पुसली, परत आत घातली, पुन्हा ओढली आणि उजेडात धरली. धाकटीचा जीव टांगणीला लागला.

गॅरेजवाल्याचं खरं नाव आता कुणाला आठवत नव्हतं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं, की तो "सावकाश, सावकाश" म्हणायचा, त्यामुळे तेच नाव पडलं होतं. आणि गडी नावाला जागणारा होता. धाकटीने आल्या आल्या बजावलं होतं, की फार काही करू नका, समोरचा पिवळा दिवा तेवढा घालवा आणि मला मोकळं करा. त्यावर त्याने शांतपणे बॉनेट उघडलं होतं.

हा पिवळा दिवा म्हणजे पान्याचं एक चिमुकलं चित्र. सर्व्हिसिंगची वेळ झाली की स्टिअरिंगमागे, काट्यांच्या मधोमध ते लागतं. बावीस वर्षांच्या या गाडीत ते आठ महिन्यांपासून लागलेलं होतं, आणि घरातलं सगळं रामायण त्याच्यावरूनच सुरू झालं होतं. बाबांना जाऊन सव्वा वर्ष झालं. ते होते तोवर गाडी कशी फुलासारखी होती, असं दादा म्हणायचा. आईला तर तो दिवा दिसतसुद्धा नाही, डोळ्यांसमोर पेटलाय तरी. आठवड्यातून तीनदा ती मावशीला दवाखान्यात नेते, उद्या भर रस्त्यात काही झालं म्हणजे? दादाने गिऱ्हाईक शोधलं. रविवारी सकाळी माणूस गाडी बघायला येणार होता, आणि दिवा तेवढा घालवून आणायचं काम धाकटीच्या गळ्यात पडलं होतं.

धाकटीने दादाच्या होला हो केलं होतं, हेही इथे सांगायला हवं. आई एवढंच म्हणाली होती, "तुम्ही म्हणाल तसं." उभ्या जन्मात आईच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. चार दिवस झाले, तरी धाकटीला ते नखात घुसलेल्या कुसळासारखं टोचत होतं.

सावकाशने गाडी खालून काम करायच्या खड्ड्यावर घेतली आणि टॉर्च घेऊन पायऱ्या उतरला. बऱ्याच वेळाने खालून त्याचा आवाज आला.

"ताई, जरा खाली या. साडी सांभाळा."

धाकटी नाराजीनेच उतरली. आता हा काहीतरी मोठं खर्चाचं काढणार, अशी तिची खात्रीच होती. सावकाशने इंजिनाच्या तळाशी असलेल्या एका बोल्टवर उजेड पाडला. जुनं ऑइल इथून काढतात, त्याने सांगितलं. बोल्टखाली तांब्याची एक बारीक चकती चकचकत होती.

"पंचवीस वर्षं मी माणसांना सांगतोय, हा वायसर दर वेळी नवा घाला. कुणी घालत नाही. जुनाच पालथा करून बसवतात आणि मग थेंब थेंब गळत बसतं," तो म्हणाला. "इथे बघा, नवा कोरा. बोल्ट आवळलाय तोही बेताने. चौफेर हात फिरवा, बोटाला ऑइल लागलं तर गॅरेज बंद करतो. कुणाचा हात आहे हा?"

"बाबांचा," धाकटी म्हणाली. दर दोन-चार महिन्यांनी एखादा रविवार गाडीचा असायचा. बाबा दार उघडं टाकून ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले असायचे, खांद्यावर फडकं. आई हाताखाली असायची. दुपारी बाबा जाहीर करायचे, झालं गाडीचं काम, आणि आई लिंबू-साखरेने हात चोळत बसायची. हे सगळं तिला लख्ख आठवत होतं. "पण ते आता नाहीत. सव्वा वर्ष झालं."

सावकाशने टॉर्च किंचित वर सरकवला. फिल्टरच्या डब्यावर जाड पेनाने तारीख घातलेली होती. गेल्या महिन्यातली नऊ. त्या नऊची शेपटी लांब ओढून शेवटी वळवलेली होती. घरातल्या प्रत्येक डब्यावरच्या चिठ्ठीवर, शाळेच्या जुन्या वह्यांच्या कव्हरांवर धाकटीने ती शेपटी हजार वेळा पाहिली होती.

तिला एकदम खड्ड्यातल्या पायरीवरच बसावंसं वाटलं, आणि ती बसली. साडीचं जे व्हायचं ते झालं.

तिने विचारलं, की मग दिवा कसा काय पेटलेला? सावकाश हसला. दिव्याला ऑइलमधलं ओ का ठो कळत नाही, म्हणाला, तो नुसते किलोमीटर मोजतो. काम झाल्यावर त्याला तसं सांगावं लागतं. किल्ली बंद असताना काट्यांजवळचं बटण दाबून धरायचं, तसंच धरून किल्ली फिरवायची, गाडी चालू करायची नाही, आणि दहापर्यंत मोजायचं.

"मग विझवा ना."

"तेवढं मात्र होणार नाही. ज्यानं काम केलं त्यानंच दिवा विझवायचा, हा इथला नियम आहे. मी बोल्टाला बोटसुद्धा लावलेलं नाही." त्याने टॉर्च बंद केला. "त्यांना म्हणावं, एकदा येऊन जा. चहा पाजीन. आणि माझी माणसं शेजारी उभी करीन, बघा म्हणून."

धाकटी घरी पोचली तेव्हा आई शिलाई मशीनचं पोट उघडून बसली होती. धाकटीच्या साडीवरचा काळा डाग बघून तिने सुई खाली ठेवली.

"खड्ड्यात उतरलीस वाटतं."

"आई, गाडीचं काम तू करतेस?"

"मग कोण करणार? यांच्या कमरेने लग्नाआधीच संप पुकारला होता. गाडी आली तेव्हा पुस्तक वाचलं. मशीन उघडते मी, म्हटलं हेही उघडून बघू." तिने मशीनला तेलाचा एक थेंब दिला. "खाली मी जायची. दिवा ते विझवायचे."

"आणि आम्हाला वाटायचं..."

"वाटू दे की. त्यांना बरं वाटायचं."

"पण मग दिवा विझवायला का नाही शिकलीस? बावीस वर्षं!"

आईने तेलाची कुपी पुसली, झाकण लावलं, पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

"तेवढं एकच काम होतं गं त्यांच्याकडे. तेही मी कशाला शिकून घ्यायचं?"

धाकटीने आईचा हात धरला आणि तिला खाली गाडीपाशी नेलं. आई ड्रायव्हरच्या सीटवर बसली, धाकटी शेजारी. सावकाशने सांगितलं तसं तिने सांगितलं. आईने अंगठ्याने बटण दाबलं, दुसऱ्या हाताने किल्ली फिरवली आणि ओठातल्या ओठात मोजायला लागली. पान्याचं चित्र दोनदा लुकलुकलं आणि गेलं.

आई त्या काळ्या जागेकडे बघत राहिली.

"एवढंच?"

"एवढंच."

"वीस-वीस मिनिटं आत बसायचे! मला म्हणायचे, नाजूक काम आहे, मध्ये बोलू नकोस. मी आपली बाहेर उन्हात उभी, तोंडातून ब्र न काढता." तिने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, ती हसतेय की रडतेय ते धाकटीला कळेना. दोन्ही असावं. "लबाड मेला," आई म्हणाली, आणि स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला.

मग डोळे पुसून तिने विचारलं, "रविवारी किती वाजता येणारेय तो माणूस?"

धाकटीने उत्तर न देता फोन लावला. दादाने पहिलंच विचारलं, दिवा गेला का? गेला, ती म्हणाली, पण गाडी विकायची नाही. मग बोल्ट, तांब्याची चकती, नऊची शेपटी, सगळं तिने एका दमात सांगून टाकलं.

"थांब, थांब," दादा म्हणाला. "मग बाबा काय करायचे?"

"बाबा दिवा विझवायचे."

फोन कट झाला की काय, म्हणून धाकटीने कानापासून लांब धरून बघितलं.

"त्या माणसाला येऊ नको म्हणून सांगतो," दादा शेवटी म्हणाला. "आणि आईला विचार, रविवारी सकाळी मोकळी आहे का. माझ्या गाडीचा दिवा चार महिने झाले, पेटलाय."