शेंदरामागचा मासा

मित्रांनो, मला दाभण म्हणतात. पोत्यांची तोंडं शिवणारी जाडजूड सुई, ती मी. तेलगावच्या आडतीवर धोंडीराम हमाल मला पटक्यात खोचून मिरवायचा. ज्वारी, तूर, सरकी, सगळ्यांची पोती मी शिवली. पुढे शिलाई मशीन आलं आणि माझी रवानगी गंजक्या डब्यात झाली. शेवटी भंगारवाल्याच्या गाड्यावरून मला उचललं ते केजच्या परमेश्वरनं.

परमेश्वरचं पोट घड्याळ दुरुस्तीवर, पण जीव दगडातल्या माशांवर. विहीर खणताना काळ्या खडकाच्या मधोमध कधीकधी मऊ, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड लागतो. त्यात फार पुरातन काळचे, दगड होऊन गेलेले मासे असतात. परमेश्वर डोळ्याला भिंग लावून त्यांच्यावरचा दगड कणाकणानं उतरवतो. त्यानं मला साणेवर घासलं, लाकडी मूठ बसवली. पोत्यात भसकन घुसणारा मी मुंगीच्या पावलांनी चालायला शिकलो. मी पुष्कळ हात पाहिलेत, पण इतका सबुरीचा हात दुसरा पाहिला नाही.

एकदा जवळच्या वाडीवरच्या रुक्मिणीबाई जीपमधून आल्या. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला चपटा दगड होता. त्यांचे यजमान सटवा यांना तो विहिरीत सापडला होता. त्यावर मासा दिसला म्हणून मत्स्यावतार मानून त्यांनी तो देवळीत बसवला. सटवा गेल्यावरही दर अमावास्येला तेल-शेंदूर चालूच राहिला. मासा केव्हाच शेंदराखाली बुडाला होता. आता मागून दगडाचे पापुद्रे सुटत होते.

"लेकरा, देव खिरायलाय माझा," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "रोज बुडाशी माती पडती. काई कर, पर जपून दे."

"मावशी, शेंदूर काढून बघू का?"

"न्हाई! धन्याच्या हातचा शेंदूर हाय तळाला. त्याला हात लावायचा न्हाई."

परमेश्वरनं भिंगातून पाहिलं. शेंदूर खवल्यांना असा घट्ट चिकटला होता, की ओरबाडला असता तर खवलेही आले असते. आणि तसाच ठेवला तर दगड भुगा होणार होता. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही म्हणतात. इथे देवपण आधी येऊन बसलं होतं, घाव मागाहून सोसायचे होते!

मग त्यानं उलटाच विचार केला. दगड पालथा केला, शेंदरावर पातळ प्लास्टिक पसरून तो प्लास्टरच्या साच्यात बसवला आणि पाठीकडून काम काढलं.

मी हादरलो. पाठीमागून मासा किती खोल आहे कुणाला ठाऊक? एक चुकीचा टोला आणि बाईंचा देव आरपार! परमेश्वर एक पापुद्रा उचलायचा, भेगेत पातळ डिंकाचा थेंब सोडायचा, वाळेपर्यंत थांबायचा. घड्याळं पडून राहिली, गिऱ्हाईकं कुरकुरली. त्याची बायको सुरेखा म्हणायची, "आवो, माश्याला काय घाई हाय? चार घास खाऊन घ्या की." तिचं खरं होतं. मासा कुठे पळणार होता!

आणि एके दुपारी माझ्या टोकाखाली काळसर, चकचकीत काहीतरी उमटलं. फासळी! मग काट्यांची रांग, डोळ्याची खोबण, पंख्यासारखी शेपटी. दगड पार उतरला तरी एक खवला हलला नाही. का माहीत आहे? पलीकडून त्या जाड शेंदरानंच सगळे धरून ठेवले होते. परमेश्वर भिंग काढून नुसता बघत राहिला. मला तर त्याचा हात डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

रुक्मिणीबाई आल्या. त्यांनी एका बाजूला शेंदूर पाहिला, दुसऱ्या बाजूला मासा पाहिला.

"मावशी, आता तेल लावू नका. पाणी न्हाई, ऊन न्हाई," परमेश्वर भीतभीत म्हणाला.

इतक्या वर्षांची सेवा सोडायची म्हणजे काय असतं, ते बाईंच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी शेंदरावरून एकदाच बोट फिरवलं.

"बरं. तेल आता दिव्यात घालीन," त्या म्हणाल्या. "उजेडात दिसंल तरी."

मित्रांनो, तुम्हालाही असा दगड सापडला तर घासू नका, धुऊ नका, काही लावू नका. सावलीत ठेवा आणि रुक्मिणीबाईंसारखा मांडीवर घेऊन केजला या. मी टोक लावून बसलोय.