गाऱ्हाण्याची तक्रार झाली तेव्हा

मालनताईंचं एक व्रत होतं. सकाळी उठल्यापासून देवापुढे दिवा लागेपर्यंत त्या बोलत नसत. दिवा लागला, की दिवसाचा पहिला शब्द देवाचा, "नारायण." मग चहा, मग भाजीवाला, मग बाकीचं जग. दिंडोशीच्या त्या इमारतीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून खुणेनंच निरोप घ्यायचा.

पण त्यांची कादंबरी छापणाऱ्या प्रकाशकांना कुठून ठाऊक असणार?

फोन आला तेव्हा मालनताई चिंच लावून देवाची भांडी घासत होत्या. फोन उचलला काशीरामांनी. बेस्टमधून निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज अजून डेपोतलाच होता.

"हां, बोला मॅडम. मौनात आहे ती, मला सांगा. काय? नाव बदलताय? थांबा हां, विचारतो." त्यांनी फोनवर हात ठेवला. "अगो, त्या संपादक मॅडम, श्वेता. म्हणतत, 'गाऱ्हाणं' लोकांका जुना वाटात, त्यापेक्षा 'तक्रार' ठेवतो. अर्थ तोच. आतसुद्धा सगळीकडे तसाच केल्यानी. चालात?"

मालनताईंच्या हातून निरांजन निसटलं. त्यांनी चिंचेनं माखलेला उजवा हात वर केला. तळवा समोर, पाचही बोटं उभी. थांबा!

"चालेल म्हणते," काशीरामांनी फोनवर सांगून टाकलं. "आशीर्वादच दिला बघा!"

दिवा लावायची इतकी घाई मालनताईंनी जन्मात केली नव्हती. "नारायण," आणि त्याच श्वासात, "अहो, काय करून बसलात हे!"

"मी? तूच हात वर केलंस मा!"

"थांबा म्हणत होते मी."

"बस थांबवूचो हात आडवो असता. तुझो होतो देवीसारखो."

मालनताईंनी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. मग त्या पाटावरच बसून राहिल्या.

कोकणात गाऱ्हाणं म्हणजे कुरकुर नव्हे. देवापुढे सगळी माणसं जमली, की सगळ्यांच्या वतीनं एकानं उभं राहायचं, सगळ्यांचं सुखदुःख देवाच्या कानावर घालायचं, सांभाळ म्हणायचं. आणि दर वाक्याला बाकीच्यांनी साथ द्यायची, "व्हय म्हाराजा!" मालनताईंचे वडील गुणाजी गिरणीत होते. चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. गिरणी बंद पडली त्या वर्षी ते उभे राहिले, हात जोडले, आणि तोंडातून शब्दच फुटेना. सारी चाळ ताटकळली. मग मागून कुणीतरी त्या गप्प राहण्यालाच म्हणालं, "व्हय म्हाराजा." आणि मग सगळी चाळ म्हणाली.

छोट्या मालननं ते ऐकलं होतं. तेवढ्यासाठी तर तिनं मोठेपणी, दुपारची भांडी आवरून, कितीतरी वर्षं कादंबरी लिहिली. कितीतरी ठिकाणांहून ती परत आली. एका अनोळखी प्रकाशकानं 'छापू' म्हटलं तेव्हा मालनताईंना आनंदापेक्षा नवलच जास्त वाटलं होतं. आपल्या स्वयंपाकघरातलं अक्षर इतक्या लांब गेलं कसं?

आणि आता शेवटच्या पानावर छापून येणार होतं, 'त्या वर्षी बाबांची तक्रार देवानं न सांगताच ऐकली.'

"सोसायटीतली नोटीस वाटते ही," त्या म्हणाल्या.

"मग सांग जा तसा."

"आणि पुस्तकच नको म्हणाले तर?"

काशीरामांनी कपाटातून चपला बाहेर काढून ठेवल्या, तिच्या आणि स्वतःच्याही.

सांताक्रूझला एक जिना चढून गेल्यावर प्रकाशनाच्या दोन खोल्या होत्या. श्वेतानं मोठ्या हौसेनं कंप्युटर त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर मुखपृष्ठ होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'मालन परुळेकर.' मालनताई बघतच राहिल्या. रेशनकार्डावर, विजेच्या बिलावर, दारावरच्या पाटीवर नाव ह्यांचं. आपलं नाव एवढं मोठं, एकटं, त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. क्षणभर वाटलं, असू दे. हेच केवढं आहे!

पण नावाच्या वर लाल अक्षरांत 'तक्रार' होतं.

"तुमचा होकार आला म्हणून संध्याकाळी छापखान्यात पाठवतोय," प्रकाशक देवदत्त म्हणाले. "आता बदल करायचा तर पुस्तक-प्रदर्शन हुकेल. मग पुढच्या वर्षी बघावं लागेल, ताई. जमेलच असं नाही. आणि फरक काय हो? कोशात अर्थ एकच आहे."

मालनताईंना सांगता येईना. गाऱ्हाणं कधी बायका घालत नसत. त्यांनी जन्मभर नुसती साथ दिली होती. तरी त्या उठल्या आणि त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा..."

आवाज इतका हळू, की वरचा पंखा मोठा वाटावा.

"आज तुजी लेकरां हय जमली आसत म्हाराजा. कोण लिवता, कोण वाचता, कोण छापता. कोणाचा चुकलामाकला असात तर पोटात घाल रे म्हाराजा." आवाज चढत गेला. हा आपला नव्हे, हे त्यांचं त्यांनाच कळलं. हा बाबांचा, चाळीच्या गॅलरीतून यायचा तो. "गिरणीकाराचा चेडू आज तुज्या दारात अक्षर घेवन इला हा. तेका सांभाळून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

श्वेताच होती. बोरिवलीत जन्मलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली. तिनं तोंडावर हात ठेवला.

"सॉरी... हे कुठून आलं? आम्ही शिमग्याला गावी जायचो ना, मी काकांच्या खांद्यावर..." तिचे डोळे भरून आले होते. "सर, मी ह्याला तक्रार म्हटलं."

काशीरामांनी खिशातून रुमाल काढला, तो तिला द्यायचा की आपण वापरायचा हे त्यांना ठरवता येईना.

देवदत्त कोकणातले नव्हते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रदर्शन हुकेल, ताई."

"हुकू दे."

"श्वेता, होतं तसं कर. पण एकेक जागा वाचून. सगळे शब्द एका फटक्यात फिरवू नकोस, खरीच तक्रार असेल तिथं तक्रार राहू दे." मग म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू असं म्हणालो मी, ते सोडा. छापतोय आपण."

प्रदर्शन झालं, मांडव उठले, त्यानंतर एका सकाळी कुरियर आलं. दिवा अजून लागायचा होता. काशीराम शहाणे झाले होते. त्यांनी सही केली, तोंडातून ब्र काढला नाही आणि पाकीट तसंच देवापुढे ठेवलं.

मालनताईंनी ते उघडलं. 'गाऱ्हाणं.' अक्षरं किंचित उठावाची होती. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं, हळूच, झोपलेल्या बाळाच्या कपाळावरून फिरवावं तसं.

काशीराम उभे राहिले. घसा खाकरला. आणि त्या डेपोतल्या आवाजात म्हणाले, "बा देवा म्हाराजा! हिच्या हातसून काय घडला ता आमका कळना नाय. पण जा काय आसा, ता तुजाच म्हणान घे रे म्हाराजा!"

आणि थांबले. साथीसाठी.

मालनताईंनी काडी ओढली. वातीनं ज्योत धरली, ती मोठी झाली, पुस्तकावर उजेड पडला. रोजच्या 'नारायण'साठी त्यांनी तोंड उघडलं.

"व्हय म्हाराजा," त्या म्हणाल्या.