शिट्टीच्या पोटातला गोळा

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. भीतीने तुमच्या पोटात कधीतरी गोळा येत असेल. माझ्या पोटात तो जन्मापासूनच आहे. बुचाचा, वाटाण्याएवढा. तो सारखा खुळखुळतो आणि मला स्वस्थ बसू देत नाही.

कारखान्यातून माझ्या बहुतेक बहिणी रखवालदारांकडे गेल्या. मला घेतले शाळेतून निवृत्त झालेल्या, कवायत शिकवणाऱ्या बाईंनी. आता मैदान गाजवणार, म्हणून मी जरा भाव खात होते.

बाईंचा फुटबॉलचा संघ जगावेगळा होता. खेळाडू कुणी पुलाखाली झोपणारे, कुणी बसस्थानकाच्या बाकावर. पहिल्याच दिवशी बाईंनी मला जोरात फुंकले आणि काय सांगू! सगळे चेंडू सोडून आपापल्या बोचक्यांकडे धावले. बोचकी काखोटीला मारून फाटकाबाहेर पसार!

थोड्या वेळाने त्यांच्यातला एक रंगारी तेवढा परत आला.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला. "शिट्टी झाली की उठायचं, सामान उचलायचं, चालू लागायचं. पायांना तेवढंच ठाऊक."

हे रखवालदारांकडे गेलेल्या माझ्या बहिणींनी शिकवले होते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे बाईंनी टाळ्या वाजवून पाहिल्या. पण खेळाच्या गोंगाटात त्या कुणाला ऐकू जाणार? शेवटी त्यांनी मला रंगाऱ्याच्याच गळ्यात घातले. "घ्या. आता तुम्हीच पंच. स्वतःच्या शिट्टीला कोण घाबरतं?"

त्याने फुंकले, नुसतीच हवा गेली. "ओ पंच, जेवला नाहीत का?" गोलकीपर ओरडला. सगळे हसले, आणि त्या दिवशी बोचक्यांना कुणी हात लावला नाही.

मग एकदा रंगारी तापाने फणफणला. पुलाखाली त्याच्या छातीवर मी पडून होते. वरून माणसे जात होती, पण हाक कशी मारू? मला दुसऱ्याच्या श्वासाशिवाय आवाज नाही. माझ्या पोटातला गोळा नुसता तडफडत होता.

सरावाला पंच आला नाही म्हणून अख्खा संघ शोधायला निघाला. "ओ पंच!" अशी हाक ऐकू येताच रंगाऱ्याने होता नव्हता तो श्वास माझ्यात ओतला. सगळे धावत आले. गोलकीपरने त्याचे बोचके उचलले.

"शिट्टी झाली, सामान उचललं. चल आता घरी."

बाईंच्या ओळखीने गोलकीपरला मैदानाच्या देखभालीचे काम लागले होते. त्याने भाड्याने खोली घेतली होती. तिथेच रंगारी बरा झाला आणि राहिला. पण बोचके त्याने सोडले नाही; ते उशाशीच असे. हा कोणत्याही क्षणी उठून जाईल, या धास्तीने खिळ्यावर टांगलेली मी झुरत असे.

एका दुपारी बाहेर रखवालदाराची शिट्टी कर्कश वाजली. रंगारी झोपेतून ताडकन उठला, बोचके काखेत, थेट दारापाशी. हात कडीवर गेला आणि तिथेच थांबला. कडी आतून लावलेली होती. त्यानेच लावली होती.

तो खाली बसला. बोचक्याची गाठ सोडली आणि त्यातला सदरा माझ्या शेजारच्या खिळ्याला अडकवला.

मित्रांनो, कधी शिट्टी हाती आली, तर कुणाला उठवण्यासाठी नको, खेळायला बोलावण्यासाठी वाजवा. माझा गोळा अजून खुळखुळतो आहे. बाहेर माझी बहीण पुन्हा वाजते आहे, आणि तिच्या आवाजाने उठणाऱ्या कुणाच्या तरी हाताला अजून कडी सापडलेली नाही.