आप्पासाहेबांच्या मांडवातली युती

खराडीच्या आप्पासाहेबांना नगरसेवक व्हायचं होतं. यात नवीन काही नाही; खराडीत ज्याच्या जमिनीवर आयटी पार्क उभा राहिला त्या प्रत्येकाला नगरसेवक व्हायचं असतं, आणि ज्याच्या जमिनीवर नाही राहिला त्याला तर जास्तच. पण आप्पासाहेबांचं इच्छुकपण मुरलेलं होतं. महापालिकेची निवडणूक वर्षानुवर्षं लांबली, प्रभाग तुटले आणि पुन्हा जोडले गेले, खुद्द पक्ष मधोमध फुटला, तरी त्यांच्या फ्लेक्सवरचं 'भावी नगरसेवक' जागचं हललं नाही.

पक्ष फुटल्यावर मात्र पंचाईत झाली. एक गट नानांचा, दुसरा बापूंचा. दोघंही आपलाच पक्ष खरा म्हणत आणि एकमेकांचं तोंड पाहत नसत. प्रभाग चार जणांचा. त्यातल्या तीन जागा राखीव, म्हणजे आप्पासाहेबांना उभं राहायला एकच जागा उरली. त्याच जागेसाठी रामदास नावाचा एक बिल्डर बापूंच्या उंबऱ्यावर ठाण मांडून होता. आप्पासाहेब नानांचे. पण बापूंकडचं दारही त्यांनी जरा किलकिलं ठेवलं होतं.

अशात त्यांच्या मुलीचं, उत्कर्षाचं लग्न ठरलं. गुरुजींनी काढून दिलेल्या मुहूर्तांतून आप्पासाहेबांनी नेमका उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळचा निवडला.

"अहो, गुरुजींनी हा सगळ्यात हलका मुहूर्त म्हनलाय," त्यांची बायको प्रेमला म्हणाली.

"लग्नाला हलका असंल. तिकिटाला भारी हाय."

त्यांचं गणित सरळ होतं. दोन्ही नेत्यांना बोलवायचं, मांडवातली गर्दी दाखवायची, म्हणजे नानांनी नाही तर बापूंनी तरी एबी फॉर्म, म्हणजे तिकिटाचा कागद, हातात ठेवलाच पाहिजे. नानांना पाचची वेळ दिली, बापूंना आठची. पत्रिकेवर दोघांचे फोटो सारखे छापले. सारखे आहेत ना, हे आप्पासाहेबांनी टेप लावून मोजलं.

उत्कर्षा खराडीतच सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला. तिनं पत्रिका उलटून पालटून पाहिली.

"आप्पा, यातल्या नक्की कुणाशी लग्न आहे माझं? रविराज कुठंच दिसत नाहीये."

"जावईबापू आतल्या पानावर हायत."

"ओके," उत्कर्षा म्हणाली. "मीही आतच असेन मग."

लग्न लोणी काळभोरजवळच्या एका लॉनवर होतं. पाच वाजले, नाना नाहीत. सहा वाजले, नाना हडपसरच्या वाहतुकीत. तिकडे ही कोंडी ऐकून बापू शहाण्या माणसासारखे लवकर निघाले होते. परिणाम असा, की मुहूर्ताला अर्धा तास असताना दोघांच्या गाड्या एकदमच फाटकात शिरल्या.

वाजंत्र्यांनी वाजवणं थांबवलं. नाना उतरले, बापू उतरले, दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि कडकडून मिठी मारली. ज्या कार्यकर्त्यांनी या दोघांपायी गेल्या गणपतीत एकमेकांची डोकी फोडली होती, ते टाके चाचपत पाहत राहिले.

"आप्पासाहेब, जरा शांत खोली मिळेल का?" नानांनी विचारलं.

शांत खोली एकच होती, नवरीची. उत्कर्षाला अर्ध्या मेकअपमध्ये बाहेर काढण्यात आलं. दोघं नेते, नानांचा सचिव रणजित आणि बापूंच्या मागोमाग रामदास आत गेले. दार लागलं. बाहेर आप्पासाहेब फेटा सावरत उभे राहिले. त्यांना मनातून गुदगुल्या होत होत्या. युती आपल्या मांडवात होतेय म्हटल्यावर तिकीट दुसऱ्या कुणाला जाईलच कसं?

प्रेमला आली. "अहो, मुहूर्त जाईल."

"पाच मिन्टं थांबा म्हनावं."

गुरुजींचा निरोप आला. त्यालाही पाच मिनिटं मिळाली. शेवटी उत्कर्षाच आली, शालू नेसलेली, मुंडावळ्या बांधलेली. ती एरवी बापाशी तासभर हुज्जत घालायची.

"आप्पा, अंतरपाट धरलाय. येताय?"

"नाना भाईर आले की आलोच. तू हो फुडं."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. त्या 'बरं'नं आप्पासाहेबांना चटका बसला. कुणीतरी त्यांच्या मुठीत अक्षता दिल्या होत्या. ते मांडवाकडं वळलेही, पण तेवढ्यात दार उघडलं. आप्पासाहेब गर्रकन फिरले.

दारातून रणजितचं डोकं बाहेर आलं. "चार चहा पाठवा. नानांचा बिनसाखरेचा."

वाढपी सगळे अक्षता टाकायला मांडवात गेलेले. तेव्हा नवरीचा बाप स्वतः भटारखान्यात गेला. एका हाताची मूठ मिटलेली, दुसऱ्या हातात ट्रे, असे ते परतत असताना भोंग्यातून शेवटचं 'सावधान' ऐकू आलं. वाजंत्री वाजली, टाळ्या झाल्या. आप्पासाहेब बोळात एकटेच उभे होते. टाळी वाजवायला हात मोकळा नव्हता. त्यांना रडू आलं, आणि रडताना ट्रे हलू नये म्हणून त्यांना फार जपावं लागलं.

चहा संपल्यावर मंडळी बाहेर आली. नानांनी आप्पासाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"युती झाली, आप्पासाहेब. तुमच्या मांडवात झाली, पक्ष हे विसरणार नाही. फक्त तुमची ती जागा बापूंना सोडावी लागली. रामदास लढेल. तुमचं मन मोठं आहे, म्हणून तुम्हाला न विचारताच शब्द दिला."

रामदासनं वाकून आप्पासाहेबांच्या पाया पडून घेतलं.

"आणि लग्न कधी लागतंय?" बापूंनी आपुलकीनं विचारलं.

आप्पासाहेब मांडवात आले. उत्कर्षा आणि रविराज गळ्यात हार घालून उभे होते. तिनं बापाकडं पाहिलं.

"माझं लागलं, आप्पा. तुमचं काय ठरलं?"

त्यांनी मूठ उघडली. घामानं अक्षता तळव्याला चिकटल्या होत्या.

"टाका," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "याला शेवटची तारीख नसते." आणि तिनं मान खाली वाकवली.

आप्पासाहेब बोटानं एकेक दाणा सोडवू लागले. इतक्यात मागून रणजितची हाक आली.

"आप्पासाहेब, नाना बोलावतायत. निवडणुकीनंतर तुम्हाला न लढताच स्वीकृत नगरसेवक म्हणून घ्यायचा विचार आहे. बापू निघायच्या आत बोलून घ्या."

"आलोच, पोरी," आप्पासाहेब म्हणाले. "दोन मिन्टं."

अक्षता त्यांनी कोटाच्या खिशात टाकल्या.

उत्कर्षानं थोडा वेळ मान तशीच ठेवली. मग मुंडावळ्या सारख्या करून ती पाटावर बसली. गुरुजींनी कन्यादानासाठी नवरीच्या वडिलांना हाक दिली. प्रेमलानं आपल्या भावाकडं पाहिलं. तो काही न विचारता उठला आणि येऊन आप्पासाहेबांच्या पाटावर बसला.