हातात दिलेला चाकू

चाकू हातात द्यायचा नसतो. खाली ठेवायचा, समोरच्याने उचलायचा. हातातून हातात गेला की दोघांत भांडण होतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. घरातल्या बायका सुरी आणि कोयता देताना तेच पाळतात. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं मी आयुष्यभर छातीठोकपणे सांगत आलो. पण आमच्या मंडळीत हा नियम मोडलेला मी एकदाच पाहिला, आणि मोडणारा मीच होतो.

मंडळी म्हणजे आम्ही तिघंच. मी भागोजी, मुरुडच्या कोळीवाड्यातला. होडी लहान, कमाई बेताची, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. दुसरा तुळशीराम, सुपारीच्या वाडीचा मालक, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, बोलायला गोड आणि द्यायला चिकट. तिसरा बाबामिया. तो जहाजावर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. आठ-दहा महिने समुद्रावर, दोन-तीन महिने मुरुडात. आमची जात वेगळी, धंदा वेगळा, पण खूळ एकच होतं: घडीचे चाकू.

जंजिरा संस्थान विलीन झालं त्या वर्षी सगळं गाव नवाबाचं आणि दिल्लीचं बोलत होतं, आणि आम्ही तिघं तुळशीरामच्या पडवीत बसून पात्यांचं बोलत होतो. बाबामिया प्रत्येक बंदरातून एक चाकू आणायचा. एडनचा शिंगाच्या मुठीचा, रंगूनचा हस्तिदंती, आणि एक विलायती, ज्याला पात्याच्या पाठीशी दोरखंडाची गाठ सोडवायला लोखंडी सुळा होता. तुळशीरामकडे आजोबांचा पितळी मुठीचा चाकू होता, पेणच्या लोहाराने केलेला. शिवाय आणखी अकरा, जे कुठून आले ते त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही. विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती. मी करायचो. जुनी कानस लोहाराकडून ठोकून तिचं पातं करून घ्यायचं आणि मूठ आपण घालायची. म्हाताऱ्या माडाच्या खोडाचं बाहेरचं काळं लाकूड असतं, त्याला दगडासारखा कठीणपणा असतो आणि घासत बसलं की झकास झिलई येते. बाबामिया म्हणायचा, "आमच्या सगळ्या बोटींवर भागोजीच्या मुठीसारखी मूठ न्हाय." तो खोटं बोलत असेलही. मला ऐकायला बरं वाटायचं.

आमच्यात पैज असायची ती सुपारीची. ओली सुपारी घ्यायची आणि आपापल्या चाकूने तिची चकती काढायची. ज्याच्या चकतीतून वर्तमानपत्राचं अक्षर वाचता येईल तो जिंकला. बहुतेक वेळा तुळशीराम जिंकायचा, कारण सुपाऱ्या त्याच्या वाडीतल्या आणि निवडायचाही तोच. यावरून मी एकदा सुपाऱ्यांचं ताट ढकलून उठलो होतो. बाबामिया माझ्यामागून फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "चल मागं. तू रागावून गेलास तर त्याच्यासंगं हरायला मी एकटाच राहीन." मी मागे फिरलो. मला मागे फिरवणारा माणूस माझ्या आयुष्यात तो एकच.

खंडेनवमीला तर आमचा सण असायचा. पडवीत पाट मांडून सगळे चाकू त्यावर ओळीने ठेवायचे, हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. त्या दिवशी एकही पातं उघडायचं नाही, हत्यारांना विश्रांती. बाबामिया मुरुडात असला की त्याचेही चाकू पाटाच्या एका टोकाला असायचे. "माझ्या चाकूंना फूल चालेल, कुंकू नको," म्हणायचा, आणि खोबऱ्याची खिरापत सगळ्यांत जास्त तोच खायचा.

त्रेपन्न साली पावसाळ्यानंतर तो परत आला तो जहाज सोडूनच. त्याच्या मेहुण्याचं आफ्रिकेत मोंबासाला किराणा दुकान होतं. मेहुण्याने बोलावलं होतं. बायको-मुलांना घेऊन कायमचं यायचं, असं पत्र होतं. बाबामियाने ते तुळशीरामच्या पडवीत वाचून दाखवलं आणि आमच्याकडे पाहिलं. तुळशीराम म्हणाला, "चांगलं झालं. समुद्रावरचे हाल संपले." मी निसण्यावर पातं घासत होतो, ते घासतच राहिलो.

मग महिनाभर तो भेटेल त्याला सांगत होता, "जातोय मी." मलाही दर दोन दिवसांनी सांगायचा, जणू मी बहिरा. शेवटी मी म्हणालो, "जा की. तुला कोण धरून ठेवतंय?" निघालेल्या माणसाला अडवू नये असं म्हणतात. मी त्या म्हणण्याच्या आड लपलो. जहाजावर गेला की परत यायचा, हे ठाऊक होतं म्हणून मी आठ-दहा महिने त्याची वाट बघू शकत होतो. आता वाट बघायलाच काही उरणार नव्हतं, आणि हा माणूस ते हसत हसत सांगत होता.

त्या महिन्यात मी त्याच्यासाठी एक चाकू केला. बाबामियाच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती, बोटीवर कधीतरी गेलेली. कुठलाही चाकू त्याच्या हातात थोडा फिरायचा. मी मूठ त्या हाताच्या मापाने केली, खालच्या बाजूला जरा भरीव. दुसऱ्या कुणाच्या हातात तो चाकू नीट बसला नसता. माझ्या हातचं त्याहून चांगलं काम आजपर्यंत झालेलं नाही.

जायच्या दिवशी बंदरावर गर्दी होती. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी, आणि माणसं पडावांतून तिकडे चाललेली. बाबामियाची बायको-मुलं, ट्रंका, बांधलेल्या भाकऱ्या सगळं चढलं. शेवटी तो पायऱ्यांवर उभा राहिला. मी चाकू काढला. आम्हा दोघांच्या मध्ये दगडी पायरी होती, कोरडी, मोकळी, चांगली हातभर रुंद. त्याने पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी चाकू पायरीवर ठेवला नाही. हात लांब करून त्याच्यासमोर धरला. त्याने क्षणभर थांबून तो हातातूनच घेतला आणि पडावात उतरला.

तुळशीरामने मला परतताना विचारलं, "हातात का दिलास रे?" मी म्हणालो, "पडाव सुटला होता. ठेवू कुठं?" घरी राहीनेही विचारलं. राही माझी बायको. तिलाही तेच सांगितलं. पुढे ज्याने ज्याने विचारलं त्याला तेच सांगितलं: गर्दी होती, पडाव सुटला, खाली ठेवायला जागा नव्हती. इतक्यांदा सांगितलं की पुढे पुढे मला स्वतःलाही त्या पायरीच्या जागी पाणी दिसायला लागलं.

मोंबासाहून पत्रं यायची, वर्षाला दोन, कधी तीन. यायची तुळशीरामच्या नावावर. तुळशीराम चष्मा लावून मोठ्याने वाचायचा. दुकान बरं चाललंय. इथल्या बाजारात अरबी सुऱ्या मिळतात, वाकड्या पात्याच्या, पण घडी होत नाही म्हणून मजा नाही. एका बोटीवरच्या माणसाकडून दोन पात्यांचा चाकू घेतला. वाडीत सगळ्यांना सलाम. पत्र संपलं की मी विचारायचो, "माझं काय?" तुळशीराम कागद उलटसुलट करायचा आणि म्हणायचा, "सगळ्यांना म्हटलंय ना. सगळ्यांत तू आलास." पहिली दोन वर्षं मी असं विचारलं. मग विचारणं सोडलं, पण पत्र आलं असं कळलं की हातातलं जाळं टाकून वाडीत जायचो ते जायचोच.

मी पत्र का नाही घातलं? मला लिहिता येत नाही हे कारण मी देत असे. तुळशीरामला येत होतं. एकदा तो दौत-कागद घेऊन बसलाही. "सांग, काय लिहू?" म्हणाला. मी बराच वेळ बसलो आणि म्हणालो, "लिही, भागोजी बरा आहे." त्याने लिहिलं. पुढच्या पत्रातही सगळ्यांना सलामच होता.

खंडेनवमी आम्ही चालू ठेवली, पण दोघांत सण होत नाही. पाटावरचं ते टोक रिकामं राहायचं. तुळशीराम तिथेही एक फूल ठेवायचा. मला त्याचा राग यायचा, पण मी ते उचललं मात्र कधी नाही. वर्षात एखादाच दिवस असा जात असेल की बाबामियाची आठवण झाली नाही. होडीवर जाळ्याचा दोर कापताना, माडाचा तुकडा घासताना, काही चांगलं साधलं की आधी मनात यायचं, हे त्याला दाखवलं पाहिजे. आठ वर्षं माझे सगळे चाकू न दाखवलेलेच राहिले.

बासष्ट साली फेब्रुवारीत तो आला. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तीन आठवड्यांसाठी एकटाच आला होता. तुळशीराम दुसऱ्याच दिवशी भेटून आला. "केस पांढरे झाले," म्हणाला. "अंग सुटलंय. तुझं विचारलं न्हाय. पण तुझा विषय निघाला तेव्हा उठूनही गेला न्हाय."

मी गेलो नाही. म्हटलं, आलाय तो, त्याने यावं. रोज होडीवरून आलो की पाय धुऊन ओटीवर बसायचो आणि रस्त्याकडे बघायचो. दहा दिवस गेले, पंधरा गेले. लग्नही होऊन गेलं. राही मासळीची पाटी बाजारात विकून यायची आणि मला त्याच जागी बसलेला बघायची.

सोळाव्या दिवशी तिने पाटी खाली टाकली. "जाणार हाव का न्हाय तुमी?"

"त्याने यावं."

"त्याने का यावं? चाकू कुणी हातात दिला?"

"जागा नव्हती," मी म्हणालो. "पडाव सुटला व्हता."

"मी तुमच्या मागंच उभी व्हते," राही म्हणाली. "पायरी मनाही दिसत व्हती."

आठ वर्षं ती माझं खोटं ऐकत होती, एका शब्दाने बोलली नव्हती. मी सदरा घातला आणि निघालो.

बाबामिया मोहल्ल्यातल्या त्याच्या बहिणीच्या घरी ओटीवर बसला होता, लग्नाच्या मांडवाचे बांबू शेजारी रचलेले. मला बघून उठला नाही. "ये," म्हणाला. मी बसलो. त्याच्या भाचीने चहा आणून ठेवला. आम्ही दोघांनीही तो उगाच फुंकत प्यायला. वाटेत मी गर्दीचं आणि पडावाचं सगळं पुन्हा जुळवत आलो होतो. तेच सांगितलं असतं तर त्याने मान हलवली असती, आणि प्रकरण मिटलं असतं. पण राहीचं बोलणं कानात होतं.

"त्या दिवशी पायरी व्हती," मी म्हणालो. "मी मुद्दाम हातात दिला."

"ठाव हाय मना."

"राग आलेला. तू चाललास म्हणून."

त्याने कप खाली ठेवला. "मना काय बोलता येत नव्हतं?" तो म्हणाला. "ठेव खाली, इतकंच बोलायचं. तू ठेवला असतास. पण मीबी हात पुढं केला. मनाबी राग व्हता."

"तुला कसला राग?"

"महिनाभर मी काय करत व्हतो? ज्याला त्याला सांगत फिरत व्हतो, जातोय, जातोय. तुना काय वाटलं, मना मोंबासाची हौस व्हती? कुणी तरी बोलेल म्हणून सांगत व्हतो. तुळशीरामदादा बोलला, पोचल्यावर पत्र घाल. माझ्या आईने भाकऱ्या बांधल्या. त्यांच्याकडून काय आशा नव्हती. तू बोलशील असं वाटलं व्हतं. नको जाऊ, एवढंच. तू बोललास, तुला कोण धरून ठेवतंय."

मी माझाही कप खाली ठेवला. मग विचारलं, "बोललो असतो तर राहिला असतास?"

"न्हाय," तो म्हणाला. "जाणं भाग व्हतं. पण ते ऐकून गेलो असतो."

मला आठ वर्षांचं रडू आलं, आणि या वयात त्याची लाजही वाटली नाही. त्याची बायको, मुलं, दुकान सगळं तिकडे होतं. त्याची परतीची बोट चार दिवसांवर आली होती. आता बोलून काडीचाही उपयोग नव्हता, हे मला कळत होतं.

"नको जाऊ, बाबामिया," मी म्हणालो.

त्याने डोळे मिटले. "परत बोल," म्हणाला.

मी परत म्हणालो. राहिलेले चारही दिवस मी त्याच्याकडे गेलो आणि रोज एकदा त्याला तेच म्हणालो. त्याने रोज ते ऐकून घेतलं. मंगळवारच्या आगबोटीने तो गेला.